पावती नको

बी.एस्सी.चा निकाल लागला त्या वर्षी पप्पांच्या ओळखीतून मी रिंग रोडवरच्या एका डॉक्टरांकडे कामाला लागले. ते फक्त डायबिटीसचे पेशंट बघत. त्यांना तीन महिन्यांचा एक वर्ग सुरू करायचा होता. सकाळचं चालणं, आहार, योगासनं आणि महिन्याच्या महिन्याला रक्ताची तपासणी. त्याला ते लाइफस्टाइल प्रोग्राम म्हणत. हा शब्द तेव्हा सुरतेत कोणी ऐकलेला नव्हता. वर्ग सुरू करण्याआधी त्यांना दोन गोष्टी माहीत करून घ्यायच्या होत्या. पेशंटला अशा वर्गातून नेमकं काय हवं आहे, आणि त्यासाठी तो किती फी देईल. बाहेर बाकांवर बसलेल्या लोकांना हे विचारायचं काम माझं.

"तारुं इंग्लिश सारुं छे, बेटा," डॉक्टर म्हणाले. "रिपोर्ट तुं ज लखजे." रिपोर्ट तूच लिही.

माझं इंग्रजी चांगलं होतं हे खरं. पण प्रश्न इंग्रजीत विचारायचे नव्हते. पप्पा महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक. स्वतः मराठी शाळेत शिकवत असून त्यांनी मला इंग्रजी माध्यमात घातलं होतं. त्यामुळे शाळा-कॉलेजात इंग्रजी, घरात अहिराणी, गल्लीत हिंदी आणि बाजारात गुजराती. चारही भाषांत मी कमीत कमी बोलायला शिकले होते. अनोळखी माणसासमोर जाऊन उभं राहायचं म्हटलं की माझे तळहात ओले होत. मी पॅड छातीशी धरून बाकापाशी जायची आणि माणूस वर बघेपर्यंत तशीच थांबायची.

लोक मात्र बोलत. डायबिटीस असलेल्या माणसाला डॉक्टर दोन मिनिटं देतात, आणि ही मुलगी तर विचारतेय की तुम्हाला काय हवं. कापड मार्केटमधले एक शेठ पहिल्याच दिवशी म्हणाले, "बेन, चंदनी पडवाने दिवसे घारी खावानी छूट हशे?"

घारी म्हणजे तुपात बुडवलेली सुरती मिठाई. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत घरोघरी ती खातातच. मी म्हटलं, खायची सूट मिळेल का ते सरांना विचारावं लागेल.

"छूट होय तो फी डबल आपीश," ते म्हणाले, आणि शेजारचे दोघे हसले. मी ते हसण्यावारी नेलं नाही. तसंच लिहून घेतलं.

एकाला गोळ्या कायमच्या बंद करून हव्या होत्या. एका बाईला कोणी ओरडू नये एवढंच हवं होतं. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधले एक आपल्याकडचे, धुळ्याकडचे गृहस्थ होते. ते म्हणाले, "मला चालायला काय शिकवता ताई, मी बारा तास उभा असतो. वर्गाला माझ्या घरवालीला बोलवा. स्वयंपाक तिच्या हातात आहे. होईल ती फी मी देतो." त्यांच्याशी मी हिंदीतच बोलले. मीही त्यांच्याच मुलखातली आहे हे सांगितलं असतं तर त्यांनी गावाचं, कुळाचं, बापाचं नाव विचारलं असतं, आणि मग माझ्या घरी कोणाला साखर आहे हेही विचारलं असतं.

घरी आईला साखर होती. सहा-सात वर्षं. हे पप्पांना आणि मला माहीत होतं, बाकी कोणालाही नाही. आई गोळ्या मसाल्याच्या डब्यामागे ठेवायची. पाहुण्यांनी दोन चमचे साखरेचा चहा समोर केला तर पिऊन टाकायची. माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. आईचं दुखणं उद्या मुलीत उतरेल असं लोक म्हणतील, ही तिची भीती. ती भीती अगदीच खोटी होती असं मला आजही म्हणता येत नाही.

आम्ही नवागामला राहायचो. पप्पांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, त्याच गल्लीत तीन घरं सोडून. त्यांचे चार लूम, म्हणजे यंत्रमाग होते. काकी घरी साड्यांना टिकल्या लावायच्या. आमच्या गल्लीत घराघरांत साड्यांचं काहीतरी काम चालायचं, कुठे टिकल्या, कुठे घडी, कुठे पॅकिंग. साडीच्या घडीला लावतात त्या बारीक टाचण्या ओट्यांवर, उंबऱ्यांत, गटाराच्या कडेला पडलेल्या असत. लहान मुलं रडली की आधी त्यांचे पाय बघायचे, ही सगळ्यांची सवय.

श्रावण लागला होता. त्या मंगळवारी सकाळी आई ओटा धुऊन आत आली. लादीवर तिची ओली पावलं उमटत गेली, आणि प्रत्येक उजव्या पावलात अंगठ्याखाली एक तांबूस ठिपका होता. मी चहा पीत ते बघत होते. आधी वाटलं कुंकू सांडलं असेल. मग ठिपका तिच्याबरोबर स्वयंपाकघरात गेला आणि परत आला.

"आई, पाय दाखव."

"काय झालं?"

"दाखव ना."

तळव्यात टाचणी होती. जवळजवळ पूर्ण आत गेलेली, फक्त डोकं बाहेर. भोवतालची कातडी सुजून पांढरट झाली होती. म्हणजे ती आजची नव्हती. आईने वाकून बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर दुखल्याची खूणही नव्हती. साखरेने पायाची जाणीव जाते, हे मी कामावर बाकांवरच्या लोकांकडून ऐकलं होतं.

मी कामाला उशिरा गेले. आधी आईला रिक्षाने उधन्याला नेलं, गल्लीतल्या कोणाच्या ओळखीचा नसलेल्या एका डॉक्टरकडे. त्यांनी टाचणी काढली, आतला पू काढला आणि साखर तपासली. मग म्हणाले, पाय जमिनीला टेकवायचा नाही म्हणजे नाही. अनवाणी एक पाऊल नाही. गोड, भात, बटाटा बंद. पुढच्या मंगळवारी पट्टी सोडून बघू. जखम काळी पडत असली तर अंगठा ठेवता येणार नाही.

आई रिक्षात म्हणाली, "रविवारी कानबाई आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कानबाई ही आम्हा खानदेशातल्या लोकांची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी येते. नारळालाच डोळे, नथ, दागिने करतात, नवं वस्त्र घालतात. सोमवारी सकाळी घरातली सवाष्ण तिला डोक्यावर घेऊन गाणी म्हणत, अनवाणी, पाण्यापर्यंत पोचवायला जाते. आणि तिचे रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळायचे, आणि त्या पिठाचं पुरणावरणाचं जे काही होईल ते फक्त भाऊबंदांनी खायचं. परक्याला द्यायचं नाही, लग्न झालेल्या लेकीलाही नाही, टाकायचं तर नाहीच. गावाकडे तीस माणसं जेवायला असत. सुरतेत आम्ही दोन घरं. पण गहू मोजताना गावाकडे राहिलेल्या चुलत भावांचीही नावं घेतली जात, कारण नाव गाळणं अशुभ. खाणारी तोंडं मात्र सुरतेतलीच. पौर्णिमेच्या आत सगळं संपवायचं. ते संपवायची जबाबदारी न सांगता घरातल्या बायकांवर येई.

पप्पा थोरले, म्हणून कानबाई आमच्याकडे. आणि ती डोक्यावर घ्यायचा मान आईचा. सुरतेत आल्यापासून दुसऱ्या कोणी ती घेतली नव्हती.

"यंदा काकीला घेऊ दे," मी म्हटलं.

"काय कारण सांगू?"

"पाय मुरगळला म्हण."

"देवीच्या तोंडावर खोटं बोलू? आणि खरं सांगितलं तर म्हणतील, पाय सडला हिचा, देवीने नाकारलं." मग म्हणाली, "एकदा दुसरीच्या डोक्यावर गेली की परत येत नाही, माय. आणि तुझ्या पप्पांना यातलं काही सांगू नको. ते भावाला सांगतील."

मी नाही सांगितलं. तो सगळा आठवडा मी तिच्या पायाकडे बघत काढला. ती मोजे घालायला तयार नव्हती, स्वयंपाकघरात चपला चालणार नव्हत्या. मी जुन्या चादरीच्या घड्या जमिनीवर टाकत राहायची आणि ती त्या चुकवून चालायची. कामावर गेले तरी बाकांवरच्या माणसांच्या चेहऱ्यांआधी मला त्यांचे पाय दिसत.

त्या आठवड्यात एका दुपारी रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "पेला बेनने पूछी ले," त्या बाईंना विचारून घे, आणि कोपऱ्यातल्या बाकाकडे हात केला. डोक्यावरून पदर, हातात घडी केलेला रिपोर्ट. मी पॅड घेऊन समोर जाऊन उभी राहिले. पदर जरा सरकला. काकी होत्या.

मी इथे काम करते हे त्यांना माहीत नव्हतं. काका-काकींना आम्ही फक्त "रिंग रोडला ऑफिसात" एवढंच सांगितलेलं. शेजारी माणसं बसलेली. परत फिरावं की बसावं मला कळेना. काकींनीच सुटका केली. परक्या मुलीशी बोलावं तशा हिंदीत म्हणाल्या, "पूछो बेटी, क्या पूछना है."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि परक्या पेशंटला विचारावं तसं विचारलं. अशा वर्गातून आपको क्या चाहिए.

काकींनी रिपोर्टची घडी उलगडली, परत मिटली. मग आवाज उतरवून अहिराणीत बोलू लागल्या. त्यांचं बोलणं मी इथे साध्या मराठीत देते. म्हणाल्या, खाऊ नका असं सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्या घरी रोट असतात. खावेच लागतात. न खाल्ले तर का नाही खाल्ले ते सांगावं लागतं. तर रोटांच्या आठवड्यात माझ्यासारखीने काय करायचं ते सांगणारा वर्ग असेल तर मी येईन. गोळी किती घ्यायची, सकाळी काय सोडायचं, कुठला घास टाळायचा. दुपारी तीनला असावा, घरचे लूमवर असतात तेव्हा.

"आणि फी?" मी विचारलं.

"टिकल्यांचे पैसे माझे असतात. त्यातून देईन. सांगाल तेवढी देईन." मग त्यांनी माझ्या पॅडवर बोट ठेवलं. "पण पावती नको. पावती घरात सापडते."

मी लिहून घेतलं. त्यांनी विचारलं, "नाव लिहिलं?"

"नाही."

"कोनले सांगू नको, माय." कोणाला सांगू नकोस.

"नाही सांगणार."

"तुझ्या आईला तर नाहीच. त्यांची तब्येत बघ कशी ठणठणीत. माझी उगाच कीव करतील." आणि त्यांचा नंबर आला तशा त्या उठून आत गेल्या.

मी स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं. दोन जावा तीन घरांच्या अंतरावर एकच दुखणं एकमेकींपासून लपवून बसल्या होत्या, आणि दोघींच्या मधे मी. मला हसू आलं असतं, पण सोमवार जवळ येत होता.

रविवारी कानबाई आली. घर भरलं. आई पहाटेपासून उभी. तिने पट्टीवर मोजा घालावा तसा जुन्या पातळाचा तुकडा गुंडाळला होता आणि वर काठाची साडी जमिनीला लोळेल इतकी खाली नेसली होती. जेवायला बसलो तेव्हा मी तिच्या ताटाला ताट लावून बसले. पहिली पुरणपोळी तिने घेतली, दुसरी मी तिच्या ताटातून उचलली. समोरून काका म्हणाले, "इंग्लिश शाळेने भूक वाढवली वाटतं पोरीची. सासरचे काय म्हणतील?"

"सासरी रोट कुठे मिळणारेत तिला," आई म्हणाली. "खाऊ द्या."

मी खात राहिले. घशाशी आलं होतं. पलीकडे काकी छोटे छोटे घास करून फार वेळ चावत होत्या. त्यांच्या ताटातली पोळी कमी होत नव्हती, आणि ती उचलायला तिथे कोणी नव्हतं.

संध्याकाळी आई देवीच्या पाटावर फुलं मांडत होती. ती गुडघ्यावरून उठताना पाऊल वळलं आणि मला पट्टी दिसली. कडेने ओली झालेली, पिवळट. तिला ते कळलंही नव्हतं. उद्या ही बाई डोक्यावर कानबाई घेऊन तळ्यापर्यंत अनवाणी जाणार. पावसाने रस्ता उखडलेला, खडी वर आलेली, आणि त्यात आमच्या गल्लीच्या टाचण्या. आणि परवा पट्टी सोडणार.

मी मागच्या दाराने काकींकडे गेले. त्या परातीत उद्याची कणीक मळत होत्या. मी दारातच उभी राहिले. बोलायला सुरुवात कशी करायची ते मला कधीच जमलेलं नाही.

"आईच्या पायाला जखम आहे," मी म्हटलं. "साखर आहे तिला. डॉक्टर म्हणालेत अंगठा जाईल."

काकींचे हात थांबले नाहीत. कणकेचा गोळा उलटा केला, परत दाबला. "कधीपासून?"

"जखम मंगळवारी दिसली. साखर खूप वर्षं."

"मंग?" म्हणजे, मग मी काय करू.

"ती कानबाई सोडत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काकींनाही साखर आहे, हे दोघींपैकी कोणीच म्हटलं नाही. मी काय मागायला आलेय ते मलाच तेव्हा नीट कळलं, आणि परत जावंसं वाटलं.

"जा," त्या म्हणाल्या. "हात धू, रांगोळी लागलीय."

सोमवारी सकाळी बायका अंगणात जमल्या. आईने पदर खोचला आणि पाटाशी वाकली. तेवढ्यात काकी पुढे झाल्या. त्यांचा आवाज एरवी कधी एवढा चढत नसे.

"ताई, दरवर्षी तुम्हीच का?"

आई वाकलेली तशीच राहिली. "म्हणजे?"

"आम्हीपण याच घरातल्या आहोत. का आम्ही फक्त भांडी घासायला?"

"आज हे काढायचं का गं? देवी निघालीय."

"मग कधी काढायचं? बोलल्याशिवाय कोण देतं या घरात."

काका म्हणाले, "अगं गप," पण अर्धवट. बायकांपैकी एक-दोघी काकींच्या बाजूने पुटपुटल्या. धाकटीलाही एकदा मिळायला हवं, असं काहीतरी. पप्पा नेहमीप्रमाणे खांबाकडे बघत होते. आईचा चेहरा लाल झाला होता. तिने पाट उचलला आणि काकींच्या हातात जवळजवळ ढकलला.

"घे बाई. भाजीच्या गाडीवर भांडतात तशी भांडून घेतलीस. घे."

काकींनी तो डोक्यावर घेतला. आई आत गेली आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसली. पाय वर घेऊन. मी दारातून एवढंच बघितलं आणि मिरवणुकीबरोबर निघाले.

वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. पण काकींचे पाय माझ्यासमोर होते. भेगा पडलेल्या टाचा, चांदीची जोडवी, चिखल. मी त्यांच्या पुढे पुढे चालत होते, चपलेने खडी बाजूला करत, खाली बघत. बायकांना वाटलं मला भारी भक्ती. गाणी चालू होती. तळं नेहमीपेक्षा लांब गेल्यासारखं वाटत होतं. एका ठिकाणी चिखलात चकाकणारं काहीतरी दिसलं आणि मी त्यावर स्वतःचा पाय ठेवून उभी राहिले, काकी पुढे जाईपर्यंत. चॉकलेटचा कागद होता.

तळ्याच्या कडेला देवीला पाणी दाखवून झाल्यावर काकी पायरीवर टेकल्या. मी शेजारी बसले आणि काही न विचारता त्यांचा पाय मांडीवर घेतला. ओढणीने चिखल पुसला. दोन्ही तळवे बघितले. टाचेला एक ओरखडा होता, रक्त आलेलं नव्हतं.

"समजस का?" मी ओरखड्याशेजारी बोट दाबून विचारलं. घराबाहेर अहिराणीत बोललेलं मला हे पहिलंच आठवतं. कळतंय का?

"जरासं," त्या म्हणाल्या, आणि पाय काढून घेतला. "लोक बघताहेत."

दुसऱ्या दिवशी उधन्याला पट्टी सोडली. मी खिडकीतून बाहेरच्या टायरच्या दुकानाकडे बघत होते. डॉक्टरांनी कापूस फिरवला, दाबलं, वास घेतला. मग म्हणाले, काळं नाही. कडा गुलाबी आहेत. अंगठा आता तरी राहील. एक दिवस झोपून काढलेला दिसतोय. आई म्हणाली, "झोपून नाही. बसून." आणि तिचे डोळे भरून आले. ते पाणी अंगठ्यासाठी होतं असं मला वाटत नाही.

रिपोर्ट मी लिहिला. कोण किती फी देईल ते सगळं वर्गवारी करून. बायकांना पावती नको आहे, आणि वर्ग दुपारी हवा, हेही लिहिलं. डॉक्टरांनी ते वाचून पेन खाली ठेवलं. "पावती वगर तो न चाले, बेटा." पावतीशिवाय चालणार नाही. वर्ग सकाळी सहाला, बागेत सुरू झाला. आठ-दहा शेठ यायचे, आपापल्या स्कूटरवरून, पांढरे बूट घालून. काकी आल्या नाहीत. डॉक्टरांच्या आहारतज्ज्ञ बाईंना मी रोटांविषयी विचारून घेतलं आणि ते एका संध्याकाळी काकींना तोंडी सांगितलं. त्या साडीवर टिकल्या लावत ऐकत होत्या.

आई त्यांच्याशी बोलेनाशी झाली. दिवाळीत फराळाची ताटं माझ्या हातून गेली आणि आली. तिचा पाय भरत आला होता, पण चालताना ती अजून बाहेरच्या कडेवर जोर द्यायची. संध्याकाळी ती ओट्यावर बसायची, पट्टीचा पाय साडीखाली घेऊन. काकी नळावरून हंडा घेऊन समोरून जात. जाताना दरवेळी त्यांची मान खाली असे, आणि आमच्या ओट्यापाशी चाल जराशी मंदावे.

"बघ," आई म्हणाली, "अजून तोंड वर करून बघायची हिंमत नाही तिची."

काकी आईच्या पायाकडे बघत होत्या. मी काकींच्या पायाकडे बघत होते. त्यांनी चपला घातल्या होत्या.